हलक्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवताना: विदर्भातल्या गॅरेजात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गॅरेजात ट्रॅक्टर, पिकअप आणि शाळेच्या व्हॅन येतात. हल्ली त्यांच्या रांगेत जुन्या एस्टीम, झेन आणि पहिल्या पिढीच्या स्विफ्टही उभ्या असतात. चालवणारी पोरं पंचविशीतली. कोणाला मामाची गाडी मिळालेली असते, कोणी भंगारात निघालेली सोडवून आणलेली असते. कापसाचे पैसे हाती आले की गाडीवर खर्च करायची हौस उसळते आणि मग त्याच त्या प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. उदाहरणांसाठी बहुतेक ठिकाणी मारुतीचं १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन धरलंय. ते एस्टीममध्ये होतं, जिप्सीत होतं, २००५ च्या स्विफ्टमध्येही होतं. देशातल्या एलजीबी फॉर्म्युला ४ शर्यतीच्या गाड्याही स्विफ्टच्याच १.३ लिटर इंजिनावर धावतात. तेव्हा हे इंजिन गरीब घरचं असलं तरी कमी प्रतीचं मुळीच नाही.

एस्टीमला स्पोर्ट्स कार म्हणायचं का?

नावाचं सोडा, वजनाचं बघा. १९९६ ची लोटस एलिस जगभर गाजली तेव्हा तिचं इंजिन ११८ अश्वशक्तीचं होतं. त्या काळातही हा आकडा काही डोळे दिपवणारा नव्हता. पण गाडीचं वजन होतं साधारण सव्वासातशे किलो. आपल्या देशात गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची दोन सीटची गाडी रेनॉच्या ११४९ सीसी, ६० अश्वशक्तीच्या इंजिनावर चालायची. एस्टीम ८५ अश्वशक्तीची आणि पावणेनऊशे किलोच्या आसपास. म्हणजे टनामागे ९७ अश्वशक्ती.

आता त्याच एस्टीममधून ६० किलो उतरवा. डिकीतला स्पीकरचा खोका, वापरात नसलेली गॅसची टाकी, मागून-पुढून लावलेले लोखंडी गार्ड एवढं काढलं तरी बरंच साधतं. टनामागे १०४ अश्वशक्ती झाली. इंजिनाला हात न लावता ९१ अश्वशक्तीची गाडी चालवल्यासारखं झालं. शिवाय हे काम उन्हाळ्यात तापत नाही आणि पेट्रोलही मागत नाही. ब्रेक आणि टायरवरचा भारही त्यासोबत हलका होतो.

भाऊ, सुरुवात कुठून करू?

इंजिनाने वर्षानुवर्षांत जे गमावलंय ते परत मिळवण्यापासून. याबाबतीत मी हट्टी आहे. वीस वर्षं चाललेलं ८५ अश्वशक्तीचं इंजिन आज ८५ देत असेल असं धरून त्यावर ‘परफॉर्मन्स’चे भाग चढवणं म्हणजे पायवा खचलेल्या घरावर माडी बांधणं.

पहिल्यांदा चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तेव्हाचा दाब, मोजा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, बॅटरी भरलेली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. आकडा कमी-जास्त असू शकतो, पण एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथेच थांबा. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, नाहीतर हेड गॅस्केट गेलंय.

मग टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं), प्लग, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हे कोणालाच आठवत नसेल, तर तो आजच बदला.

आणि एक तपासणी जी कोणीच करत नाही. एकाला सीटवर बसवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली थ्रॉटलची पाकळी, म्हणजे हवेची वाट उघडणारी झडप, बघा. केबल ताणली गेलेली असते, नाहीतर पेडलखाली जाड मॅट असते, आणि पाकळी पाऊणच उघडते. गेल्या हंगामात आलेल्या एका झेनचा मालक मोठ्या कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) चौकशी करत होता. त्याची केबल ओढून बसवली आणि जाम झालेला मागचा एक ब्रेक मोकळा केला. तेवढ्यावर गाडी अशी पळाली की कॅमचा विषय परत निघाला नाही.

गाडी उन्हाळ्यात काहून दमते?

कारण इंजिन हवेवर चालतं आणि तापलेली हवा विरळ असते. हिशेब सोपा आहे. २५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे सहा टक्के घटते. सिलिंडरमध्ये हवा कमी आली की पेट्रोलही कमीच जळणार. ८५ अश्वशक्तीतले पाच घोडे वर्धा-चंद्रपूरच्या मे महिन्यात सावलीला जाऊन बसले असं समजा. बॉनेटखालची हवा ७० अंशांची असेल आणि इंजिन तीच ओढत असेल, तर तूट तेरा टक्क्यांवर जाते.

पुण्या-मुंबईकडचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यामुळेच. विदर्भात ताकद वाढवायची तर पहिली लढाई उष्णतेशी. इंजिनात जाणारी हवा गार हवी आणि इंजिनाच्या पोटातलं पाणी ताब्यात हवं. हे दोन नीट झाले की निम्मं ट्यूनिंग झालं असं मी मानतो.

मोठा शंकूसारखा मोकळा फिल्टर लावू का?

आवाज छान येतो, हे खरं. पण तो फिल्टर रेडिएटरच्या मागे, एक्झॉस्टच्या शेजारी उघडा ठेवला तर तो वर सांगितलेली ७० अंशांची हवाच ओढतो. कंपनीचा फिल्टरचा डबा दिसायला बोजड असला तरी त्याची नळी बहुधा पुढून, हेडलाइटच्या मागून हवा घेते. तो डबा ठेवा, त्यात चांगला नवा फिल्टर घाला आणि नळीचं तोंड बाहेरच्या हवेत आहे ना, ते पाहा.

धुळीचंही बघायला हवं. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि जिनिंगच्या रस्त्यावर तिच्यात कापसाचं रुई-कस्पट मिसळतं. धुऊन पुन्हा वापरायचे कापडी फिल्टर तेल लावून ठेवावे लागतात. तेल सुकलं की धूळ आत जाते आणि रिंगा, सिलिंडर घासून टाकते. एक-दोन घोड्यांसाठी इंजिनाचं आयुष्य पणाला लावू नका.

आमच्या गावातला मिस्त्री म्हणते का थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी गार राह्यते. खरं आहे का?

नाही. उभ्या विदर्भात ही समजूत पसरलेली आहे आणि तिने खूप इंजिनं खाल्ली आहेत.

थर्मोस्टॅट पाण्याला अडवतो तो इंजिन लवकर योग्य तापमानाला यावं म्हणून, आणि एकदा उघडला की वाट मोकळी करतो. तो काढला तर हिवाळ्यात इंजिन गारच राहतं. कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो. तो नसला तर थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येतं, म्हणजे नेमकं उन्हाळ्यात नुकसान.

गाडी खरंच तापत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. बहुतेक वेळा ते पाण्यातच सापडतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याकडच्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये वर्षभर घातलं तर नळ्यांत क्षार बसतात, जसे घरच्या बंबात बसतात तसेच. आमच्याकडे पाणी तितकं खारट नसलं तरी जडच आहे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. रेडिएटरची टोपी जुनी झाली असेल तर बदला. टोपी दाब धरून ठेवते म्हणूनच पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. पंखा चालू होतो का, बरोबर दिशेने फिरतो का, हेही पाहा. वायरिंगची अदलाबदल होऊन उलटा फिरणारा पंखा मी दोनदा पाहिला आहे.

चढावर इंजिनातून खडखड आवाज येतो. ते नॉकिंग असतं का?

बहुतेक तेच. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जायला हवी. पण दाब आणि उष्णता जास्त झाली की उरलेलं मिश्रण आपोआप एकदम पेटतं आणि पिस्टनवर हातोडी बसावी तसा तडाखा बसतो. जास्त कॉम्प्रेशन, पुढे ओढलेलं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), गरम हवा, कमी ऑक्टेन आणि पेट्रोलची चणचण ही त्याची पाच मुळं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी माझ्या स्वतःच्या गाडीचं टायमिंग सकाळी सहाला, गार हवेत सेट केलं. गाडी सुरेख ओढत होती. त्याच दिवशी दुपारी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हलकी खडखड ऐकू आली आणि मी रेटत राहिलो. वर पोचेपर्यंत हेड गॅस्केट गेलं होतं आणि दोन पिस्टनच्या कडा खाल्ल्या होत्या. तेव्हापासून नियम एकच: टायमिंग दुपारी तीनच्या उन्हासाठी लावायचं, पहाटेच्या गारव्यासाठी नाही. दोन अंश मागे ठेवल्याने जाणारी ताकद तुम्हाला जाणवणारही नाही.

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर पिकअप वाढेल?

तुमचं इंजिन आत्ता नॉक करत नसेल तर नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंग सोसण्याची क्षमता. कॉम्प्रेशन किंवा टायमिंग वाढवलं तरच तिचा उपयोग.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय?

याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं आहे आणि बाष्प होताना ते बरीच उष्णता शोषतं, म्हणजे आत जाणारं मिश्रण गार होतं. आपल्या हवेत ट्यूनिंगवाल्याला हे सोयीचंच. पण लिटरामागे त्याच्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे साडेतेरा पट. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला हे कळत नाही. ती पूर्वीइतकंच पेट्रोल सोडते आणि मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण पूर्ण दाबावर गरम जळतं. कार्बोरेटरवाल्या झेनला मोठं मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) लागू शकतं. जुने रबरी पेट्रोल पाइप आणि सील इथेनॉलने फुगतात, चिरतात. ते आधी बदलून घ्या, कारण गळणारं पेट्रोल आणि गरम एक्झॉस्ट शेजारी-शेजारीच असतात. आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर टाकीत ते तसंच सोडू नका, इथेनॉल ओल ओढून घेतं.

ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीमॅप करून किती मिळतं?

टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या, बाकी काहीच न बदललेल्या छोट्या इंजिनात थोडंच मिळतं. ‘२५ टक्के वाढ’ असं कोणी सांगत असेल तर त्याला आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा. रीमॅपचा खरा उपयोग हवा, हेड, एक्झॉस्ट बदलल्यावर मिश्रण आणि टायमिंग नव्या परिस्थितीला जुळवून घेण्यासाठी आहे.

त्यासाठी एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर हवाच. तो लॅम्डा दाखवतो, म्हणजे आत आलेली हवा आणि त्या इंधनाला नेमकी लागणारी हवा यांचं प्रमाण; एकाच्या खाली म्हणजे इंधन जास्त. पूर्ण ॲक्सिलरेटरवर लॅम्डा ०.८६ ते ०.९० च्या दरम्यान असावा. हवा-इंधनाच्या गुणोत्तरापेक्षा लॅम्डा वाचा, कारण पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे त्यावर गुणोत्तर बदलतं, लॅम्डा बदलत नाही. प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखणारे जुने मिस्त्री माझे गुरू आहेत, पण आजच्या पेट्रोलवर त्या रंगावर सगळी भिस्त ठेवू नका. आणि प्लग एक नंबर गार, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, घ्यायचा असेल तर लक्षात असू द्या: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग गार होतो, काही कंपन्यांत नेमकं उलट असतं.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं म्हणतो. किती घासू?

आधी गणित करू. जी१३बीबीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५ मिमी. एका सिलिंडरचं आकारमान ३२४.७ सीसी. कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ९.५ असेल, म्हणजे हवा साडेनऊ पट दाबली जात असेल, तर वरची पोकळी ३८.२ सीसी. तेच १०.५ करायचं तर पोकळी ३४.२ सीसी हवी, म्हणजे चार सीसी कमी. ७४ मिमीच्या वर्तुळात एक मिलिमीटर जाडी म्हणजे ४.३ सीसी. याचा अर्थ हेड जवळजवळ एक मिलिमीटर घासावं लागेल. हे खूप आहे.

आणि मिळणार काय? कागदावरच्या सूत्राने कार्यक्षमता पावणेतीन टक्क्यांनी वाढते. ८५ वर दोन-अडीच घोडे. त्या बदल्यात नॉकिंग जवळ येतं, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर घटतं, आणि हेड खाली आल्यामुळे बेल्टवरचा कॅम क्रँकच्या मापाने अंश-दोन अंश मागे पडतो. तो परत जागेवर आणायला सरकवता येणारी कॅम पुली लागते. नागपूरला लेथवाल्याकडे हेड पाठवलं तर ‘सपाट होईल एवढंच घ्या’ असं कागदावर लिहून द्या. तोंडी सांगू नका.

मी हेडवर खर्च करायचा तर व्हॉल्व्ह सीटवर करतो. तीन कोनांत कापलेली सीट, नीट लॅपिंग केलेले (सीटवर घासून बसवलेले) व्हॉल्व्ह, नवे सील. व्हॉल्व्ह थोडासाच उघडलेला असतो तेव्हा हवेची खरी अडचण सीटपाशीच असते, त्यामुळे तिथला अर्धा मिलिमीटरसुद्धा मोलाचा. पोर्टचं, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेचं म्हणाल तर गॅस्केट आणि मॅनिफोल्डच्या कडा एकमेकींशी जुळवा, ओतकामाचे उंचवटे काढा आणि थांबा. इंटेक पोर्ट मोठं केलं की हवेचा वेग मरतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मिळमिळीत होते. आरशासारखं पॉलिशही इंटेकला नको. किंचित खरखरीत पृष्ठभागावर पेट्रोलचे थेंब साचून ओघळत नाहीत.

सायलेन्सर मोकळा केला तर?

आवाज वाढेल, गावातले म्हातारे वैतागतील, ताकद फारशी वाढणार नाही. फरक पडतो तो इंजिनाजवळच्या मॅनिफोल्डमध्ये. चार नळ्या दोन-दोन करून मग एकत्र आणणारा, म्हणजे फोर-टू-वन मॅनिफोल्ड मधल्या आरपीएमला चांगला. चारही थेट एकत्र आणणारा वरच्या आरपीएमला. आपल्या रस्त्यांवर पहिला घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. तो चोंदला असेल तर नवा बसवा, हरवलेली ताकद त्यातच परत येते.

मोठा कॅम बसवून ७५०० आरपीएम फिरवू का?

घोडे म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) गुणिले आरपीएम. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा आणि ७०२३ ने भागा, अश्वशक्ती मिळेल. त्यामुळे वर फिरवलं की आकडा वाढतो, हे बरोबर. पण ६५०० चे ७५०० केले की पिस्टन आणि रॉडवरचा ओढा वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे ३३ टक्के जास्त. कंपनीचे रॉड बोल्ट, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ऑइल पंप त्यासाठी बनवलेले नाहीत. मोठ्या कॅमने खालचा टॉर्क जातो, आयडलिंग डगमगतं, आणि बैलबंडीच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके मारते. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठीच याचा विचार करा.

टर्बो?

आपल्या हवेत, कंपनीच्या पिस्टनवर, माझं उत्तर नाही असंच आहे. ४५ अंशांची हवा ०.४ बार जास्त दाबली आणि टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा जवळपास ९५ अंशांची होते. इंटरकूलरने ती खाली आणली तरी बाहेरच्या ४५ च्या खाली ती जाणारच नाही. त्यात ९.५ चं कॉम्प्रेशन. पिस्टन, रॉड, इंजेक्टर, क्लच, गिअरबॉक्स सगळंच बदलायची तयारी असेल तर तो वेगळा प्रकल्प होतो.

सीएनजीवर चालणारी गाडी ट्यून होते का?

गॅस सिलिंडरमध्ये हवेचीच जागा अडवतो, त्यामुळे ताकद आधीच कमी असते. टाकीचं वजन वेगळं. ताकद हवी असेल तर पेट्रोलवर या.

किती वाढली हे मोजायचं कसं? इथे डायनो कुठे?

घड्याळाने. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार रिकामं असतं. मालकाची परवानगी घेऊन आम्ही तिथेच मोजतो. दुसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० किमी वेग, जीपीएस लॉगरवर. दोन माणसांसह गाडी १००० किलो असेल तर एवढा वेग वाढवायला १,०४,२०० ज्यूल लागतात. तीन सेकंद लागले तर सरासरी ३४.७ किलोवॅट, म्हणजे ४७ अश्वशक्ती चाकांवर मिळाली. ही सरासरी आहे, सर्वोच्च आकडा नव्हे. त्यामुळे ८५ शी तिची तुलना करू नका, कालच्या आणि आजच्या मोजणीची करा. त्याच जागी, त्याच तापमानाला, दोन्ही दिशांनी, तीन-तीन वेळा. अंतर फक्त चाळीसेक मीटर लागतं, पण पुढे थांबायला दुप्पट मोकळी जागा ठेवा.

हे सगळं कायद्यात बसतं का?

रस्त्यावरच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहे. कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. टॅपेट, प्लग, कूलंट, नवी व्हॉल्व्ह सीट ही दुरुस्ती आहे. कॅम आणि टर्बो हा बदल आहे. इंजिनच दुसरं बसवायचं तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नोंद हवी.

जोरात चालवायची असेल तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर जा. लांब आहे, मान्य. पण समृद्धी महामार्ग हा ट्रॅक नाही. तिथल्या उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर जुन्या टायरने वेग काढणं जिवावर बेततं, आणि तुमच्या पुढे एखादं कुटुंब लग्नाहून परत येत असतं.

इंजिन नव्याने बांधलं. पहिले काही दिवस कसं चालवू?

हळू चालवत बसू नका आणि पिळूही नका. रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर बसायला दाब लागतो. तेव्हा पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तिसऱ्या गिअरला मध्यम ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवा, मग पाय काढून गाडी इंजिनावरच मंद होऊ द्या. हे वीस-पंचवीस वेळा करा. एकाच वेगाने तासभर चालवू नका. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या कापडावर ओतून उन्हात बघा. चकाकणारी बारीक धूळ असेल तर चालतं. कण बोटाला टोचत असतील तर गाडी तशीच टोचन करून माझ्याकडे आणा, चालवत आणू नका.